आमचा नायक बोलत नाही

४ ऑक्टोबर, मुरुड

तेजस्वी म्हणाली, "तुझ्या डोक्यात काय चाललंय ते कधीतरी बाहेर पडू दे." म्हणून मी बाजारात जाऊन ही वही आणली. तिला वही अभिप्रेत होती की नाही, ते विचारायचं राहून गेलं.

पुढेमागे कुणी वाचलंच तर माहिती असावी. मी कुशल, वय बत्तीस. पुण्याची नोकरी सोडून घरच्या वाडीत परत आलोय. नारळ-सुपारीकडे बघायला आलो असं अप्पा, म्हणजे माझे वडील, गावात सांगतात. प्रत्यक्षात मी माडांमधल्या खोलीत बसून व्हिडिओ गेम बनवतो. वाडीकडे अप्पाच बघतात, आणि अप्पांकडे सगळा गाव कीव आल्यासारखा बघतो.

गेमचं नाव 'खाडीपार'. खेळणारा त्यात तरवाला होतो, लोकांना होडीतून पलीकडे नेतो, त्यांच्या भानगडी ऐकतो आणि पडद्यावर येणाऱ्या चार उत्तरांतलं एक निवडतो. जसं उत्तर तशी पुढची गोष्ट. लिहिणं आणि चित्रं माझी, प्रोग्रामिंग तेजस्वीचं. आम्ही पुण्यात एकाच ऑफिसात होतो. तिचं घर खाडीच्या पलीकडे, बोर्लीच्या अलीकडच्या एका गावात. ती दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरते आणि रिक्षाने इथे येते. गेले सात महिने असं चाललं आहे.

नोव्हेंबरअखेर पुण्याच्या एका प्रकाशकाला नमुना दाखवायचाय आणि आमचं घोडं एकाच जागी अडलंय. नायकाला आवाज द्यायचा की नाही? बाकीची पात्रं बोलतात, गावातल्याच लोकांचे आवाज घेतलेत. नायकाचं उत्तर मात्र फक्त निवडायचं, ते ऐकू येत नाही. माझं मत ठाम आहे. नायक मुकाच हवा. नायक म्हणजे खेळणारा स्वतः. त्याच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज घातला की तो परका झाला. शिवाय बोलक्या नायकांची एक जुनी खोड आहे. आपण 'नम्रपणे नकार द्या' हा पर्याय निवडतो आणि हा पठ्ठ्या समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. हे मी कधी म्हणालो, असं म्हणत आपण बघत राहतो.

तेजस्वी म्हणाली, "मुक्या नायकाचीही खोड सांग ना. तो गप्प, म्हणून बाकीच्यांना दुप्पट बोलावं लागतं. तू गप्प आहेस म्हणजे तुला राग आलाय का, तू गप्प आहेस म्हणजे तुला चालेल का. प्रश्नही आपणच विचारायचा आणि उत्तरही आपणच काढायचं. दमायला होतं माणसाला."

मुद्दा तांत्रिकदृष्ट्या चांगला होता. विचार करतो म्हणालो आणि गप्प बसलो.

९ ऑक्टोबर

आज सुचित्राआत्याला गेम खेळायला बसवलं. आत्या तीस वर्षं मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाली आहे आणि अजूनही समोर वर्ग बसलाय अशा आवाजात बोलते. कोण कुठे अडतं ते कळावं म्हणून आम्ही फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवतो.

होडीत पहिली म्हातारी चढली आणि म्हणाली, सून मला जेवायला देत नाही. पडद्यावर चार उत्तरं आली. आत्याने एकही निवडलं नाही. ती सरळ म्हातारीशी बोलायला लागली. "अहो, पण तुम्ही तिला दिवसभर टोचून बोलता, त्याचं काय? मगाशी काठावर ऐकलंय मी." पुढचा तासभर खोलीत दोन म्हाताऱ्या भांडत होत्या आणि त्यांतली एक संगणकातली होती.

मी विजयी मुद्रेने तेजस्वीकडे बघितलं. नायक गप्प राहिला की खेळणारा बोलतो, हे सिद्धच झालं. ती म्हणाली, "आत्या बोलतात, कारण त्या कुठेही बोलतात. तुझ्यासारखा कुणी खेळायला बसला तर खोलीत फक्त पंखा ऐकू येईल."

उद्या पंख्याला तेल घालतो.

१३ ऑक्टोबर

तेजस्वीला सोडायला आगरदांड्याला गेलो होतो. गरज नव्हती, रिक्षा होती. पण वाटेत कामाचं बोलणं होतं. वाटेत काम निघालं नाही ही गोष्ट वेगळी.

बोटीवर तिकीट फाडणारा राहुल आम्हा दोघांना ओळखतो. बोट भरेपर्यंत तेजस्वीने त्याच्या हातात लॅपटॉप दिला. त्याने दोन माणसं पलीकडे पोचवली आणि विचारलं, "ह्यो तरवाला बोलत का न्हाय? मुका हाय काय?"

मी त्याला समजावलं, की तरवाला म्हणजे तूच, तू मनातल्या मनात बोलायचंस.

"मनात बोलून तिकिटाचं पैसं कोन देतं?" राहुल म्हणाला.

तेजस्वी बोट सुटेपर्यंत हसत होती. बोट बरीच लांब गेल्यावरही कठड्याशी ती दिसत होती. हसत होती का ते एवढ्या लांबून कळलं नाही. मी अंदाज घेत उभा राहिलो आणि परतीची शेवटची रिक्षा चुकली.

१९ ऑक्टोबर

तेजस्वीला हैदराबादच्या गेम कंपनीतून बोलावणं आलंय. मोठी कंपनी, मोठा पगार, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं. तिने दुपारी चहाच्या वेळेला सांगितलं आणि थांबली. बराच वेळ थांबली. चहावर साय धरली.

मी विचारलं, "ते गेम बनवायला कुठलं इंजिन वापरतात?"

तिने इंजिनाचं नाव सांगितलं. चांगलं आहे ते. मी तसं म्हणालोसुद्धा.

प्रकल्पाच्या दृष्टीने ही बातमी गंभीर आहे. नव्या प्रोग्रामरला तिचा कोड समजून घ्यायला वेळ लागेल. शिवाय चहा कडक लागणारा दुसरा माणूस इथे मिळणार नाही. आत्याच्या शब्दांत सांगायचं तर माझी अन्नावरची वासना उडालीय, पण ते बहुधा कामाच्या ताणामुळे.

२४ ऑक्टोबर

बग सापडला. मोठा आहे.

गेमच्या शेवटी मैना नावाची मुलगी होडीत चढते. सगळ्या गोष्टीत ती तरवाल्याच्या सोबत असते, आणि शेवटी विचारते, "मी गाव सोडून चालले. काही म्हणायचंय?" चार पर्याय येतात. मी पर्याय वाचत बसलो, कारण ते मीच लिहिलेत आणि चारही बरे आहेत. तेवढ्यात मैना होडीतून उतरली आणि निघून गेली. गेम संपला.

तेजस्वीला सांगितलं की काही निवडलं नाही तर मैना थांबत नाही, हे दुरुस्त करायला हवं.

"दुरुस्त काय करायचंय? तसंच ठेवलंय मी."

"पण खेळणारा विचार करत असेल ना."

"करू दे की. तिला कसं कळणार तो विचार करतोय? तिला एवढंच दिसतं की हा बसलाय."

"बाकी सगळी पात्रं थांबतात."

"बाकीच्यांना कुठे जायचं नाहीये."

तिने लॅपटॉप बंद केला आणि नेहमीपेक्षा आधीच्या बोटीने गेली. मला वाटतं, वेळमर्यादा थोडी वाढवून तडजोड निघू शकेल. उद्या सुचवतो.

२ नोव्हेंबर

वेळमर्यादा वाढवायचं सुचवलं होतं. तेव्हापासून ती घरूनच काम करते आहे. भातकापणी चालू आहे, असं तिने कळवलं.

आज अप्पांनी जेवताना विचारलं, ती मुलगी येत नाही वाटतं. मी नोकरीचं सांगितलं. आत्या ताट बाजूला सारून म्हणाली, "मग तू काय म्हणालास तिला?" इंजिनाचं सांगितलं. आत्या बराच वेळ माझ्याकडे, न सुटणारं गणित फळ्यावर बघावं तशी बघत राहिली.

मग मी खरं काय ते सांगितलं. म्हणजे एवढंच की मला तेजस्वीबद्दल आदर आहे, आणि तिने ठरवायच्या आधी आमचं एकदा बोलणं झालं तर बरं. अप्पा म्हणाले, "असं होय. मग बाबाजीला पाठवू."

बाबाजीकाका अप्पांचे चुलतभाऊ. आमच्याकडे महत्त्वाचं बोलणं ज्याचं त्याने करायचं नसतं. हद्दीचा वाद असो, रुसून माहेरी गेलेली सून असो की लग्न, बाबाजीकाका जातात आणि बोलतात. ज्याचा विषय तो शेजारी बसून पोहे खातो. अप्पांच्या लग्नाचं बोलणं काकांच्या वडिलांनी केलं होतं आणि अप्पांनी पोहे खाल्ले होते.

आत्या नको म्हणत होती. पण मला अगदी हलकं वाटलं. काकांना मी हीच दोन वाक्यं लिहून दिली आणि ती तशीच म्हणा असं बजावलं. मी सोबत गेलो नाही. उगीच अवघडलेपण नको.

७ नोव्हेंबर

काका दिघीहून परत आले, ते बोहल्यावरून उतरल्यासारखे.

"फत्ते," म्हणाले. "तुझी दोन वाक्यं अगदीच रोडकी होती. मी थोडी सजवली."

सजावट अशी. मुलगा निर्व्यसनी आहे. घरची सहाशे सुपारी, अडीचशे माड. मुलीला परमुलखात नोकरी करायची गरज नाही. मुलाने तिला इतके दिवस काम दिलंच आहे, लग्नानंतरही देईल. मुलगा बोलत नाही फारसा, पण तो गप्प असला की होकारच समजायचा. शेवटी काकांनी पत्रिका मागितली आणि तुळशीच्या लग्नानंतर तारीख बघू असं सांगून ते उठले.

"ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"कोण?"

"तेजस्वी."

"ती आत होती. पोहे छान होते हो."

८ नोव्हेंबर

सकाळच्या पहिल्या बोटीने तेजस्वी आली. खोलीत आली, बसली नाही.

"तू मला काम दिलंयस?" तिने विचारलं.

मी म्हणालो, ते मी म्हटलेलं नाही, मी फक्त दोन वाक्यं दिली होती.

"मला हैदराबादला जायची गरज नाही, हे कुणी ठरवलं? सहाशे सुपाऱ्यांनी?"

तेही मी म्हटलं नव्हतं.

"तू काहीच म्हटलेलं नाहीस, कुशल. हीच तर गोष्ट आहे. स्वतःला बोलायचं नव्हतं म्हणून तू डबिंग करणारा माणूस पाठवलास, आणि संवादही त्याचेच. बाबा कालपासून विचारताहेत, की हे तुझ्या मनातलं आहे का. काय सांगू त्यांना?"

या क्षणी कुठलाही शहाणा माणूस काहीतरी बरं बोलला असता. माझ्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला की हे तर माझ्याच मताला बळकटी देणारं आहे. दुसऱ्याचा आवाज घातला की नेमकं असंच होतं. आणि सात महिने तोंडाला कुलूप घालून बसलेल्या मी हे, हे एवढंच, तिच्यासमोर मोठ्याने म्हणालो.

तिने माझ्याकडे शांतपणे बघितलं. "वाद जिंकलास," ती म्हणाली. "नायक मुका ठेव. कोड देते पाठवून. सोळाला मी कंपनीला हो कळवणार आहे."

खिडकीतून ती फाटकापर्यंत दिसली. मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. अप्पा समोर पाणी शिंपत होते, त्यांनीच विचारलं, "जांभई आली का रे?"

१२ नोव्हेंबर

एक: फोन करून माफी मागा.
दोन: पत्र लिहा.
तीन: आत्याला पाठवा.
चार: काही करू नका.

आयुष्यभर चौथाच पर्याय निवडत आलो आणि त्याला संयम म्हणत आलो. तिसऱ्याबद्दल आत्याला विचारून बघितलं. ती म्हणाली, मी येईन, पण तुझ्या शेजारी बसून पोहे खाईन.

आज दिवसभर जुनी रेकॉर्डिंगं ऐकली. निमित्त गेमचं. आत्या भांडते, राहुल मुका हाय काय विचारतो, मध्ये मध्ये तेजस्वी मला काहीतरी विचारते. "कुशल, हे ठीक आहे?" "कुशल, तुला काय वाटतं?" "कुशल, मी थांबू का जाऊ?" बोटीची वेळ झाली म्हणून विचारत होती, असं मला त्या वेळी वाटलं होतं. प्रत्येक प्रश्नानंतर पंख्याचा आवाज आहे. नंतर ती स्वतःच म्हणते, "बरं, निघते मी."

आपण किती कंटाळवाणे आहोत, हे कानांनी ऐकायची सोय सगळ्यांना नसते. मला ती आज मिळाली. मला रडू आलं. ते मात्र कुठे रेकॉर्ड झालं नाही.

१५ नोव्हेंबर

दुपारच्या बोटीने गेलो. राहुलने विचारलं, एकलाच? मी मान हलवली आणि मग स्वतःवरच चिडून "हो, एकटाच" असं म्हणालो. सराव म्हणून.

तिच्या घरचे सगळे खळ्यावर होते. भाताची झोडणी चालू होती. तिचे बाबा, आई, शेजारच्या चार-पाच बायका. तेजस्वी डोक्याला रुमाल बांधून फळीवर भारा आपटत होती. मला एकांत हवा होता. खळ्यावर एकांत नसतो. मी येताना दिसलो तसे सगळ्यांचे हात थांबले आणि मला परत फिरावंसं वाटलं.

तिचे बाबा म्हणाले, "काका बोलले त्या ऐकला आमी. आता तुमी काय बोलता?"

मी वाटेत चांगली वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही आठवलं नाही. म्हणालो, "तेजस्वी, काका जे बोलले त्यातला शब्दही माझा नव्हता. पण त्यांना मीच पाठवलं, कारण मला भीती वाटत होती. हैदराबादची नोकरी चांगली आहे, तू ती घे. थांब असं मी म्हणणार नाही. गेम मी तुझ्याशिवाय केला तर वाईट होईल, पण तोही मुद्दा नाही. तू यायची वेळ झाली की मी फाटकाशी जातो आणि नारळ मोजतोय असं अप्पांना सांगतो. मला तू आवडतेस. तुझ्याशी लग्न करावंसं वाटतं. तुला काय वाटतं ते मला ठाऊक नाही, कारण मी कधी विचारलंच नाही. आता विचारतोय."

एका बाईने दुसरीला कोपर मारलं.

तेजस्वी माझ्याकडे बघत होती आणि बोलत नव्हती. मी तिच्या तोंडावरून अर्थ लावू लागलो. राग आहे? हसू आवरते आहे? दमली आहे? दर क्षणाला एक अर्थ धरायचा आणि सोडायचा. सात महिने तिने हे कसं केलं असेल, देव जाणे.

तिचे बाबाच म्हणाले, "उबे काय ऱ्हायलाव? भारा घ्या हातात."

मग संध्याकाळपर्यंत झोडणी केली. माझ्या भाऱ्यातलं निम्मं भात तसंच राहत होतं आणि तिची आई मुकाट्याने ते परत झोडत होती. अंगभर खाज सुटली. निघताना तेजस्वी बांधापर्यंत आली.

"नोकरी मी घेणार आहे," ती म्हणाली.

"घे."

"बाकीचं उत्तर मी माझ्या वेळेला देईन. तोपर्यंत अर्थ काढत बसू नकोस."

काढत नाहीये. फक्त लिहून ठेवतोय.

२७ नोव्हेंबर

नमुना पुण्याला गेला. गेले दहा दिवस तेजस्वी रोज येत होती. आम्ही फक्त गेमबद्दल बोललो, पण बोललो. मी बोललो. चहावर साय धरू दिली नाही.

नायकाचा निकाल आत्याच्या रेकॉर्डिंगने लावला. नायकाला कुणाचाच आवाज दिलेला नाही. पण शेवटी मैना जेव्हा विचारते, काही म्हणायचंय का, तेव्हा पडद्यावर पर्याय येतच नाहीत. माइक चालू होतो. खेळणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने काहीतरी म्हणायचं. काय म्हटलं ते गेमला कळत नाही, म्हटलं एवढं कळतं. गप्प बसलात तर मैना जाते. कल्पना माझी. पहिल्यांदा बोलूनच दाखवली, लिहून नाही. ती म्हणाली, "हे चालेल," आणि कामाला लागली.

चाचणी मीच घ्यायची होती. ती शेजारी बसलेली. मैनाने विचारलं आणि माझ्या घशातून आवाज फुटेना. मैना उतरून गेली. तेजस्वी म्हणाली, "पुन्हा." तिसऱ्या वेळेला जमलं.

१ डिसेंबर

तेजस्वी आज गेली.

तिला आणायला सकाळी दिघीला गेलो. तिचे बाबा धक्क्यावर बॅगा ठेवून आधीच उभे होते. त्यांनी मला तांदळाची पिशवी दिली. "तुमी झोडलेल्यातला हाय," म्हणाले. "जरा निवडून घ्या."

बोटीवर आम्ही कठड्याशी उभे राहिलो. आगरदांड्याहून मी तिला मुरुडला नेऊन पुण्याच्या एसटीत बसवणार होतो. खाडी केवढीशी आहे, बोट बघता बघता मध्यावर आली. ती काही बोलत नव्हती आणि मी अर्थ काढत नव्हतो. म्हणजे काढत होतो, पण गुपचूप.

मग ती पाण्याकडे बघतच म्हणाली, "संक्रांतीला मी येणार आहे. तेव्हा घरी ये आणि बाबांशी बोल. तारखेचं."

मला ऐकू आलं होतं. तरी मी विचारलं, "कसल्या तारखेचं?"

"तूच काढलास ना विषय खळ्यावर? गावभर झालाय. तूच पुरा कर." ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती, दोन्ही एकदम, यात मला अर्थ लावायला काही उरलं नव्हतं. "आणि काकांना आणू नकोस. पोहे खायला आत्या चालतील."

आगरदांड्याचा धक्का जवळ येत होता, ड्रायव्हर बोटीवरच्या आपापल्या गाड्या सुरू करत होते. तिने वाट बघितली. काही सुचवलं नाही, माझ्या वतीने काही म्हटलं नाही, नुसती बघत राहिली.

"हो," मी म्हणालो. पहिला गाड्यांच्या आवाजात बुडाला म्हणून पुन्हा म्हणालो, "हो, येईन. मीच बोलेन."

दुसरा जरा जास्तच मोठा झाला असावा. तिकडे साखळी सोडत असलेल्या राहुलने मान वर करून आमच्याकडे बघितलं.

"ह्यो बोलतो की," तो म्हणाला.